फिर्याद ही न्यायाची पहिली पायरी

कायद्यापुढे सर्व माणसे समान आहेत, असे भारतीय संविधानाच्या 14 व्या अनुच्छेदाने जाहीर केले, त्याला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली. परंतु कायद्यापुढे उभे राहण्याआधी माणसाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, आणि त्या पायरीवर सर्व माणसे अद्याप समान झालेली नाहीत. एकजण मोटारीतून उतरतो, त्याच्यासाठी खुर्ची पुढे सरकविली जाते. दुसरा बौद्धवाडीतून पायी येतो, त्याला ‘उद्या ये’ म्हणून सांगितले जाते. न्यायाधीशाच्या लेखणीपूर्वी ठाणे अंमलदाराच्या लेखणीनेच पुष्कळ खटल्यांचा निकाल लागून गेलेला असतो. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या आमच्या बंधुभगिनींनी ही गोष्ट नीट ध्यानी घ्यावी, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

ही स्थिती आजची नव्हे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या आमच्या वाडवडिलांवर सनातन्यांनी लाठ्या चालविल्या. त्या प्रकरणी हल्लेखोरांपैकी काही जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. परंतु जिल्ह्याचे मुख्य अधिकारी स्पृश्य हिंदू नव्हते म्हणूनच हा न्याय पदरी पडला, हे परमपूज्य बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते. अधिकारी कोण आहे यावर न्याय अवलंबून राहणे, याचाच अर्थ तो न्याय नसून योगायोग आहे. बाबासाहेबांनी पुढे संविधान घडविले, ते न्यायाला या योगायोगाच्या तावडीतून सोडविण्यासाठी.

तो सुटला काय? 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या घरच्या माउलीने मारहाणीच्या एका प्रकरणात आरोपींना ओळखून दाखविले होते. त्यात अटक झालेले लोक जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी जमावाने तिच्या घरावर चाल केली. खरे बोलण्याची किंमत तिने मुलाबाळांसह चुकविली. 2008 साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास दिला. शिक्षा झाली हे खरे; परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा या हत्याकांडास लागू होतो, हे मात्र दोन्ही न्यायालयांत सिद्ध झाले नाही. ज्या कारणाने ती माणसे मारली गेली, तेच कारण निकालपत्रातून नाहीसे झाले. 2014 साली अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका कोवळ्या दलित मुलाचा खून झाला. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार उलटले होते.

राजकारणाचा हातही येथे पोहोचतो. 1995 साली सत्तेवर आलेल्या राज्य शासनाने मराठवाड्यातील अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटले मोठ्या संख्येने मागे घेण्याचा मार्ग धरला. 20 मार्च 2018 रोजी, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्याच दिनी, सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची धार बोथट केली. देशभर जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा संसदेने त्याच वर्षी 18-अ हे कलम घालून ती पूर्ववत केली. त्या कलमानुसार फिर्याद नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. यावरून बोध एवढाच की, कायदा जागृत जनतेच्या बळावर उभा राहतो. ती झोपली की कायदाही आडवा होतो.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. मालवण किनाऱ्यावरील आमच्या वाड्यांतील कर्ते तरुण बहुधा मुंबईस चाकरीला. घरी म्हातारीकोतारी व बायका. विहिरीवरून, पाणंदीवरून वा जमिनीच्या बांधावरून आगळीक झाली की, गावातील वजनदार मंडळी ‘गावात बसून मिटवू’ म्हणून पुढे होतात. गावऱ्हाटीतील सेवा आम्ही धम्मदीक्षेबरोबर सोडली, परंतु मानकऱ्यांसमोर मान खाली घालण्याची सवय काही घरांतून अद्याप गेलेली नाही. मिटवामिटवीत चार दिवस जातात, जखमा वाळतात, आणि मग न्यायालयात पहिला प्रश्न येतो तो ‘फिर्याद इतक्या उशिरा का?’ हा. म्हणून आमचे सांगणे असे की, फिर्याद त्याच दिवशी द्यावी आणि तिची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळणे हा फिर्यादीचा हक्क आहे. ठाण्यात नोंद नाकारली, तर तीच हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी.

दुसरा प्रश्न दीक्षितांच्या मनात नेहमी येतो : ‘आम्ही बौद्ध झालो, मग या कायद्याचे संरक्षण गेले काय?’ ही शंका निराधार नव्हती. धर्मांतरानंतर अनुसूचित जातीचे हक्क राहत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात म्हटले होते. परंतु 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना ते हक्क मिळाले. यास्तव धर्मांतरित बौद्ध असल्याचा जातीचा दाखला प्रत्येक कुटुंबाने वेळीच काढून ठेवावा. जात सोडलेल्या माणसाने जातीचा दाखला का बाळगावा, असे काहींना वाटते. तो दाखला आमची ओळख नव्हे. आमच्यावर झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे, आणि पुरावा कोणी जाळून टाकीत नाही.

26 जानेवारी 2016 पासून अमलात आलेली दुरुस्ती तर प्रत्येकाने ठाऊक करून घ्यावी. दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पूर्वी ‘जातीच्या कारणावरून’ गुन्हा घडल्याचे सिद्ध करावे लागे. आता पीडित अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे पुरे. आरोपीची पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर त्याला ते ठाऊकच होते असे न्यायालय धरून चालते. खेड्यात कोण कोणास ओळखत नाही? त्याच दुरुस्तीने जामिनाच्या सुनावणीत म्हणणे मांडण्याचा हक्क पीडितास आणि संरक्षण मागण्याचा हक्क पीडित व साक्षीदारांस दिला. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, तिचे उत्पन्न काहीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापूरला बसू लागल्यामुळे ओरोसच्या निकालावरील अपिलासाठी मुंबई गाठण्याचीही गरज उरलेली नाही.

मात्र एक गोष्ट आम्ही आमच्याच माणसांस स्पष्टपणे सांगू इच्छितो. रागाच्या भरात, जे हजर नव्हते त्यांचीही नावे फिर्यादीत गोवण्याचा मोह होतो. वकिलीच्या व्यवसायात आम्ही हे पाहिले आहे की, एक खोटे नाव दहा खऱ्या नावांना सोडवून नेते. मृषावादापासून अलिप्त राहण्याचे चौथे शील आम्ही ग्रहण केले आहे. ते विहारात पाळावयाचे आणि ठाण्यात विसरावयाचे, असे नाही. घडले तेवढेच सांगावे, आणि जे सांगितले त्यापासून कोणाच्याही धाकाने ढळू नये.

यासाठी साक्षीदार एकटा पडता कामा नये. तारखेच्या दिवशी वाडीतील चार माणसांनी त्याच्यासोबत न्यायालयात जावे. मुंबईकर बांधवांनी गणपती-शिमग्यास जशी रजा काढावी, तशी साक्षीसाठीही काढावी. बौद्धजन पंचायत समितीच्या गावोगावच्या शाखांनी प्रवासखर्चाची तजवीज करावी. खैरलांजीची ती माउली एकटी होती. आपल्या वाडीतील कोणतीही माउली उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहील, तेव्हा मागे वळून पाहता तिला आपली माणसे दिसली पाहिजेत. संघाला शरण जाणे म्हणतात ते याहून निराळे काय असणार?