अंगठ्याआधी कागद वाचता यावा

आमच्या भाजे लेण्यांत एका खोलीच्या दारावर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. नांगर हाकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या बायकोने दिलेल्या दानाचा तो लेख. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईचं नाव आज देशोदेशीचे अभ्यासक वाचतात. आणि त्याच लेण्यांच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात कणसं भाजून विकणाऱ्या काही बायकांना स्वतःचं नाव सातबाऱ्यावर सापडत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर शेजारच्या पडवीत मी या बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवते. तिथे जे दिसतं, त्यावरून हे लिहिते आहे.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती, स्त्रियांची ७५.८७ टक्के. पुणे जिल्हा तर ८६ टक्क्यांच्या वर. आकडा चांगला दिसतो, पण पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन मोठी शहरं त्याच सरासरीत आहेत. मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर, विशेषतः कातकरी आणि ठाकर घरांत, पन्नाशीपुढच्या बायकांना भेटलं की सरासरीने काय झाकलं ते कळतं.

या बायका अडाणी नाहीत. वर्गातल्या एका मावशींना कुणाकडे किती उधारी आहे ते तोंडपाठ असतं. शनिवार-रविवारी गर्दीत दहा गिऱ्हाइकांचा हिशेब त्या डोक्यात ठेवतात. पण आता गिऱ्हाईक फोनवरून पैसे देतं. टपरीवरच्या छोट्या डब्यातून ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ असा आवाज येतो आणि मावशी मान डोलावतात. महिन्याअखेरीस खात्यात किती जमले, त्यातून कोणी किती काढले, हे मात्र पुतण्या सांगेल तेच खरं. चाळीस वर्षं हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईला स्वतःच्या कमाईसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

पैशांचं असं, तर जमिनीचं त्याहून गंभीर. लोणावळ्यालगतच्या या पट्ट्यात जमिनीला भलताच भाव आला. जिथे इंद्रायणी भाताची खाचरं होती, तिथे बंगले उभे राहिले. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, असा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली केला. देशभर तो २००५ साली लागू झाला. तरी भाऊ गाडी घेऊन येतो, ‘ताई, जरा तालुक्याला चल’ म्हणतो, आणि ताई हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून संध्याकाळी घरी परतते. भावासाठी राजीखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीही आहेत, तो त्यांचा अधिकार. पण आपण काय सोडतोय हे कागदावर वाचता न येणाऱ्या बाईच्या संमतीला संमती म्हणायला माझं मन धजत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, प्रौढांचा वर्ग त्यांच्या कागदांवरून चालावा. आमच्याकडे पहिला धडा मळवली स्टेशनच्या पाटीचा असतो. म, ळ, व, ल ही अक्षरं रोज डोळ्यांसमोरून जाणारी. त्यांत कामशेत आणि वडगावची भर घातली की निम्मं काम होतं. मग रेशनकार्ड, बँकेची स्लिप, वीजबिल आणि शेवटी सातबारा. भोगवटादाराचं नाव कुठे असतं, ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय लिहितात, फेरफार म्हणजे काय. एका काकूंनी नवऱ्याच्या पश्चात वारस म्हणून लागलेल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, एकेक अक्षर लावून ते वाचलं, आणि लगेच खालची ओळ वाचायला घेतली. ‘कमळ बघ’च्या पुस्तकाने ही ओढ लागली नसती.

हा शोध माझा नव्हे. ब्राझीलमधल्या अंजिकोस गावात १९६३ साली पाउलो फ्रेअरे यांनी सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना त्यांच्याच रोजच्या शब्दांतून चाळीसेक तासांत लिहा-वाचायला शिकवलं. आपल्याकडे त्याआधीच, १९५९ साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं साक्षर करायची, असा तिचा ध्यास होता. पुढे ती राज्यभर पसरली आणि १९७२ साली युनेस्कोने तिचा गौरव केला. पण वर्ग संपल्यावर वाचायला हाती काही उरलं नाही, म्हणून शिकलेली अक्षरं पुष्कळांच्या डोळ्यांआड गेली. ती चूक पुन्हा नको.

आज केंद्राचा ‘उल्लास’ कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी चालू आहे. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून दीडशे गुणांची चाचणी होते. चाचणीला बसलेली आजी बघून कोणालाही आनंद होईल, मलाही होतो. पण प्रमाणपत्र हाती पडलं की गाव सुटकेचा निःश्वास टाकतं आणि खरं काम तिथेच थांबतं. शिकवणारे स्वयंसेवक बिनमोबदला राबतात. त्यांनी किती काळ ओढायचं? मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन आज्या शाळेत निघाल्या. गावाने मनावर घेतलं तर साठीनंतरही शिकता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

सरकारकडे आणि गावाकडे माझ्या चार मागण्या आहेत. एक, वर्गाचं वेळापत्रक गावाच्या कामावर बेता: आमच्याकडे लावणीच्या दिवसांत आणि शनिवार-रविवारी बायका येऊ शकत नाहीत. दोन, चाचणीनंतर किमान दोन वर्षं वर्ग चालू ठेवा, स्वयंसेवकाला मानधन द्या आणि ग्रामपंचायतीत मोठ्या टायपातली पुस्तकं ठेवा. तीन, तलाठ्याने वर्षातून एकदा वर्गात बसून बायकांना त्यांचे स्वतःचे उतारे वाचायला लावावेत. चार, हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याआधी तो कागद त्या बाईने स्वतः निवडलेल्या माणसाकडून, भावाच्या गैरहजेरीत, तिला वाचून दाखवणं सक्तीचं करा. चौथ्या मागणीला पैसा लागत नाही. ती उद्यापासून अमलात आणता येईल, आणि आणायलाच हवी.