मांडीवर न बसणारी गिटार

परवा आमच्या घरात एका गिटारीवरून रात्री साडेदहापर्यंत चर्चा चालली. गिटार अजून घरात आलीही नव्हती. होता तो लेकीच्या मोबाइलवरचा फोटो. लालभडक रंग आणि आकार इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचा. दोन लांब पंख, मध्ये मोठी खाच, आणि पंख जिथं मिळतात तिथून निघालेली दांडी.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही मोडलीय का?”

ह्यांनी फोटो उभा-आडवा करून पाहिला. “अशी धरली तर कौलारू घर दिसतं, वर धुराडं.”

आणि मी, जी दर पंधरवड्याला या पानावर तुम्हाला मुलींच्या मनासारखं होऊ द्या म्हणून सांगते, ती मी काय म्हणाले? “हिचा उपयोग काय?”

लेक शांतपणे म्हणाली, “आई, गिटारीचा उपयोग वाजवायला असतो.”

तीन वर्षं ती साध्या लाकडी, पोकळ गिटारीवर शिकतेय. बोटांना घट्टे पडलेत. मेंदीच्या ऑर्डरी आणि पाचवी-सहावीच्या शिकवण्या यांतून तिनं अठरा हजार रुपये साठवले. पैसे तिचेच. पण आमच्या घरात, आणि बहुधा तुमच्याही, मुलीचे पैसे म्हणजे घराच्या परवानगीचे पैसे. तिच्या भावानं दोन वर्षांपूर्वी गाडीची पुंगळी बदलून आणली, तेव्हा तिचा उपयोग काय हे कुणी विचारलं नव्हतं. आवाज मात्र अख्ख्या गल्लीनं ऐकला.

हे आठवलं आणि मी वरमले. ठरवलं, आधी माहिती तरी घ्यायची. नाही म्हणायचं तर कारण खरं असलं पाहिजे.

पहिली शंका आवाजाची. आमचं गाव मिरजेपासून तासाभरावर. तिथले सतार-तानपुरे लहानपणापासून बघितलेले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं भोपळा हीच सगळी मेख. पंढरपूर भागातून भोपळे येतात, आणि भोपळ्याच्या पोटात आवाज घुमतो. म्हणून तानपुरा चौकोनी करतो म्हटलं तर कारागीर हात जोडेल. तिथं मर्दानी तानपुरा मोठा आणि जनानी लहान असतो, कारण बायकांचा सूर उंच. म्हणजे वाजवणारीकडे बघून वाद्याचा आकार ठरवायचा, ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही.

इलेक्ट्रिक गिटारीचं गणित निराळं. तिच्या बहुतेक प्रकारांत पोट नसतंच, सरळ भरीव लाकूड असतं. पोलादी तारांखाली लोहचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो आणि मग स्पीकर वाजतो. तेव्हा लाकडाला पंख काढा की शिंगं, आवाजात फारसा फरक पडत नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकर कंपनीनं बाजारात आणलेली इलेक्ट्रिक गिटार तर गोल बुडाची आणि लांब दांड्याची होती. लोक तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणायचे. स्वयंपाकघरात टांगली असती तर मीसुद्धा तिच्यावर आंबोळी घातली असती.

ही व्ही आकाराची गिटारही आजची नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या गिब्सन कंपनीनं १९५८ मध्ये ती ‘फ्लाइंग व्ही’ नावानं काढली. तो काळ अग्निबाणांचा आणि मागं पंख काढलेल्या लांबलचक मोटारींचा. कंपनीवर जुनाट असल्याचा शिक्का बसला होता, तो पुसायचा होता. पण गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. पहिल्या दोन वर्षांत शंभरसुद्धा खपल्या नाहीत आणि कंपनीनं ती बंद केली. ज्या थोड्या लोकांनी घेतली त्यांत ब्लूज वाजवणारा अल्बर्ट किंग होता. तो डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा. नेहमीची गिटार उलटी धरली की तिचा कापलेला भाग भलतीकडे जातो. हिच्या दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळं त्याला ती झकास बसली. जगाला वाकडी वाटणारी वस्तू एखाद्याला अगदी सरळ असू शकते. साठीचं दशक सरता सरता ती पुन्हा बाजारात आली, आणि त्या पहिल्या शंभरातली एखादी आज विकायला निघाली तर लाखभर डॉलरच्याही पुढं जाते.

हे सगळं ऐकून हे म्हणाले, “बरं, पण बसून वाजवता येते का?”

प्रश्न रास्त होता. नेहमीच्या गिटारीला कमरेशी खोलगट बाक असतो, तो मांडीवर बसतो. हिला तो नाही. मांडीवर ठेवली की घसरते. १९५८ च्या मूळ गिटारीच्या कडेला म्हणे रबराची खाचांची पट्टी लावलेली होती, आपण पोळपाटाखाली ओलं फडकं घालतो तशी! म्हणजे करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

रविवारी मी आणि लेक कोल्हापूरला एका वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथं तशीच एक होती, लाल नव्हे, काळी. दुकानातल्या मुलानं स्टूल दिलं. लेक बसली, गिटार मांडीवर घेतली आणि ती सर्रकन खाली. दोनदा तसंच झालं. मी मनातल्या मनात हुश्श केलं, खोटं कशाला सांगू. मग तो मुलगा म्हणाला, “तशी नाही ताई, खाच मांडीवर घ्या. एक पंख दोन पायांच्या मध्ये, एक बाहेर.” तिनं गुडघे फाकले, खाच उजव्या मांडीवर बसवली, दांडी वर उचलली, आणि गिटार जागच्या जागी घट्ट बसली. तिनं वाजवायला सुरुवात केली.

आणि माझ्या तोंडून गेलं, “अगं, नीट बस.”

ती नीटच बसली होती. त्या गिटारीसाठी तेच नीट होतं. मी मात्र वाजवण्याकडे नव्हे, दुकानात कोण कोण बघतंय त्याकडे बघत होते. कीबोर्ड बघायला आलेले एक काका होते, ते कीबोर्डच बघत होते.

“नीट बस” हे मी तिला सहा वर्षांची असल्यापासून सांगतेय. फ्रॉकमध्ये सांगितलं, सलवार-कमीजमध्ये सांगितलं, जीन्समध्ये सांगितलं. मला माझ्या आईनं सांगितलं. मी पेटी शिकायला जायची तेव्हा एक पाय दुमडून, पदर नीट घेऊन, अंग चोरून बसायची. भाता ओढतानाही कोपर अंगाशी. माझ्याबरोबर शिकणारा मुलगा ऐसपैस मांडी ठोकून बसायचा आणि त्याचा भाता माझ्यापेक्षा लांब चालायचा. त्याचा हात चांगला, असं तेव्हा सगळे म्हणायचे. हात चांगला असेलही. पण त्याला बसायला जागा होती, हे मला त्या दुकानात, पन्नाशी जवळ आल्यावर कळलं.

मग लेकीनं नेहमीच्या आकाराची एक गिटार घेतली. ही बसायला सोपी, सुरुवातीला सगळे हीच घेतात. पण पट्टा लावून उभी राहिली तेव्हा ती सारखी खांदा हलवत होती. छातीवर दाबते म्हणाली, तेही मला कानात. ही तक्रार तिची एकटीची नाही. १९५४ मध्ये फेंडर कंपनीनं स्ट्रॅटोकास्टर गिटार आणली, तेव्हा आधीच्या गिटारीची चौकोनी कड बरगडीला रुतते असं वाजवणारे म्हणत होते, म्हणून मागून लाकूड तासून ती अंगाला बसेलशी केली. वाजवणारे पुरुष होते, तक्रार ऐकली गेली. बाईच्या अंगाचा विचार व्हायला पुढं बरीच वर्षं लागली. अमेरिकेतली सेंट व्हिन्सेंट या नावानं गाणारी गिटारवादक, तिनं २०१६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीबरोबर स्वतःच्या नावाची गिटार काढली. तीही कोनाकोनांची, चमत्कारिक दिसणारी. वजनाला हलकी, मध्ये निमुळती, आणि छातीला जागा ठेवलेली. हे तिनं उघड सांगितलं. आमच्या लेकीसारखं कानात नाही. फेंडरनंच २०१८ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नव्यानं गिटार घेणाऱ्यांत निम्म्या बायका निघाल्या.

पुन्हा ती काळी व्ही तिनं उभ्यानं घेतली. खांदा हलला नाही. मी तिला म्हटलं, अर्धा तास काढू नकोस गळ्यातून. ती पाऊण तास वाजवत होती. मी बाकावर बसून आणलेल्या दशम्या खाल्ल्या.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे असा हट्ट आला तर माझं मत सांगते. मुलीचं हे पहिलंच वाद्य असतं तर मी नाही म्हटलं असतं. शिकताना तास-दोन तास बसावं लागतं आणि घसरणाऱ्या वस्तूशी झगडण्यात उत्साह जातो. साध्या गिटारीवर हात बसलाय, आता ही दुसरी, म्हणून गोष्ट वेगळी. फोटो बघून मागवू मात्र नका. दुकानात बसून आणि उभ्यानं, दोन्ही करून बघायलाच हवी. आणि नुसत्या गिटारीचे पैसे धरून चालत नाही. अ‍ॅम्प्लिफायर नसला तर ती माशी गुणगुणल्याएवढीच वाजते. वर वायर, पट्टा, जादा तारा. आमची गिटार साडेचौदा हजार, बाकीचं धरून हिशेब वीसच्या पुढं गेला. वरचे पैसे मी माझ्या भिशीतून देते म्हटलं. ती म्हणाली, उसने. बरं, उसने. पुढं विकायची वेळ आली तर असल्या आकाराला गिऱ्हाईक कमी, हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “विकायची कुणाला आहे?” मीही लग्नातल्या शालूबद्दल हेच म्हटलं होतं, आणि तो अजून कपाटात आहे. तेव्हा तो मुद्दा मी सोडून दिला.

तरी लगेच घेतली नाही. पंधरा दिवस थांब म्हटलं. एवढं चालतं, वीस हजाराला पंधरा दिवस काही जास्त नाहीत.

त्या पंधरा दिवसांत सासूबाई वळल्या. त्या भजनी मंडळाच्या जुन्या सभासद, टाळ त्यांच्या हातात अजून छान वाजतात. लेकीनं त्यांना मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. सिस्टर रोझेटा थार्प, १९१५ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये जन्मलेली कृष्णवर्णीय बाई. देवाची गाणी म्हणायची आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवायची, तेही पुरुष बघत राहतील अशी. २०१८ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये तिची नोंद झाली, तेव्हा तिला जाऊन चव्वेचाळीस वर्षं उलटली होती. चित्रफीत १९६४ ची, इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवरची. पावसाळी हवा, प्रेक्षक पलीकडच्या फलाटावर. बाई घोडागाडीतून उतरते, अंगात छानसा लांब कोट, आणि गळ्यात पांढरीशुभ्र, दोन शिंगांची गिटार.

सासूबाईंनी ती तीनदा बघितली. मग विचारलं, “ही भजनच म्हणतीय ना?”

“हो आजी, त्यांचं भजनच.”

“मग शिंगं असली तर असू दे.”

काळी व्ही गेल्या गुरुवारी घरी आली. आल्या आल्या पहिली अडचण निघाली ती पिशवीची. दुकानातल्या तयार पिशव्या सगळ्या साध्या गिटारीच्या मापाच्या, हिचे पंख बाहेर राहतात. खास पेटी महाग, उसन्याचा आकडा आणखी वाढला असता. म्हणून मी जमिनीवर हीच पुरवणी चार पानं जोडून पसरली, गिटार वर ठेवली आणि पेन्सिलीनं कड आखली. आतून जुन्या गोधडीचा थर, बाहेरून रेनकोटचं कापड. शिवणयंत्रावर तिथं खाचेच्या टोकाला कापड वळेना, दोनदा सुई मोडली. सासूबाई चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या, म्हणाल्या, “झबल्याच्या गळ्याला देतेस तसा काप दे की.” दिला, आणि वळलं. चेन मात्र दोन लागल्या, एका पंखाला एक.