भट्टीची ऊब जाते कुठे?



मेहकरकडील एका वस्तीत महिला बचत गटाने विहारामागे विटांची भट्टी बांधली. पाव, नानखटाई करून बाजारात विकायची, हा बेत. पण पाव वरून करपे, खालून कच्चा राही. गाडाभर लाकूड जळाले, गल्ला रिकामाच. एक मावशी म्हणाल्या, "भट्टीले नजर लागली भाऊ. लिंबू-मिरच्या बांधा."

आम्ही म्हणालो, "मावशी, आधी बुडाशी हात लावून पाहा." विस्तव विझून तास झाला होता, तरी ओटा गरम! भट्टीच्या विटा थेट दगडी ओट्यावर बसवलेल्या. लाकूड आपण विकत घ्यायचे आणि ऊब ओट्याने खायची. शिवाय आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ओट्याला तडाही गेला होता.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. कारण सापडले की उपाय सापडतो.

भट्टी उतरवली. दोन फूट काळी माती काढून मुरूम भरला, चोपला. त्यावर कमरेइतका नवा ओटा. ओट्यावर चहूबाजूंनी विटांची किनार; आत बुचे काढलेल्या काचेच्या रिकाम्या बाटल्या आडव्या मांडून फटींत चिकणमातीत कालवलेला लाकडाचा भुसा भरला. वर चार बोटे कोरडी राख चोपून, बोटभर रेती, मग भट्टीच्या विटा. सिमेंट टाळले; ते आचेने फुटते. कोंडलेली हवा ऊब सहज जाऊ देत नाही, गोधडीचे तेच. ओल शिरली तर हा गुण जातो, म्हणून वर पत्रा टाकला आणि आठवडाभर बारीक जाळ करून भट्टी वाळवली.

बाटल्या वस्तीतच पोतेभर सापडल्या, तेव्हा आमची मान खाली गेली. संसार पोखरणाऱ्या त्या बाटल्या पहिल्यांदाच बायांच्या कामी आल्या.

आता पाव खालूनही भाजतो, लाकूड कमी लागते. ज्या गावात आपल्या आजीच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिथे सकाळी या भगिनींच्या पावाची वाट पाहतात. दोन-चार घरे अजून घेत नाहीत. तिथला कच्चेपणा भट्टीचा नव्हे.

भगिनींनो, काम बिघडले तर गंडेदोरे नकोत. आधी हात लावून कारण शोधा. जयभीम!