संध्याकाळी सहाचं टेस्टोस्टेरॉन

चाळिशीतली मरगळ, सुटलेलं पोट, आटलेली इच्छा, या सगळ्याचं मूळ टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेत आहे आणि इंजेक्शन घेतलं की गाडी रुळावर येते, असं छातीठोकपणे सांगणारे आता पुण्यातल्या कुठल्याही जिममध्ये भेटतात. पुरावा काय, तर 'फुल बॉडी' पॅकेजचा रिपोर्ट. तो जरा नीट वाचावा. रक्त घेतल्याची वेळ संध्याकाळी ६.१०. गृहस्थ हिंजवडीहून घरी पोचले तेव्हा नमुना न्यायला आलेला मुलगा दारातच उभा होता. पोटात चारचा वडापाव. आकडा २७०, पुढे लाल बाण.

यावर औषध सुरू करणं म्हणजे चार जिने चढून आलेल्याची नाडी मोजून त्याला हृदयविकार ठरवणं. हे हार्मोन सकाळी चढलेलं असतं, दिवसभरात उतरतं, खाण्यानंही उतरतं. म्हणून अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की आधी लक्षणं हवीत, शिवाय वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी घेतलेले नमुने पुन्हा कमी यायला हवेत. तेही आले तरी कारण शोधायचं राहतंच. लठ्ठपणात हार्मोन वाहून नेणारं प्रथिन घटतं, त्यामुळे मोकळं हार्मोन पुरेसं असूनही एकूण आकडा खाली दिसू शकतो. झोपेचं तर विचारूच नका. शिकागोतल्या २०११च्या अभ्यासात तरुणांना आठवडाभर रोज ५ तासच झोपू दिलं, तर दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली. अमेरिकेच्या घड्याळावर राबणाऱ्या आपल्या पोरांना इंजेक्शन द्यायचं की शिफ्ट बदलून द्यायची?

आणखी एक गोष्ट हे विक्रेते हमखास गिळतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पीयूषिका ग्रंथी वृषणांना हुकूम सोडणं थांबवते आणि शुक्राणू घटतात, कित्येकदा शून्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९०च्या चाचणीत याच हार्मोनचं इंजेक्शन, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं गेलं होतं! आणि आपल्याकडे नव्या नवरदेवाला ते 'ताकदी'साठी टोचतात.

मात्र 'हे सगळं थोतांड, वय झालं की व्हायचंच' म्हणणाऱ्या पेठी शहाण्यांनी लगेच खूश होऊ नये. एकोणिसाव्या वर्षीही ज्याला मिसरूड फुटलेलं नाही, त्याचं कसलं वय झालं? एक जादा एक्स गुणसूत्र घेऊन जन्मणारे, म्हणजे क्लाइनफेल्टर असलेले मुलगे, साधारण ६०० मुलग्यांमागे एक असतात. त्यातल्या बहुतेकांचं निदान कधी होतच नाही. कॉलमन सिंड्रोममध्ये वासही येत नाही. अशा मुलाला करपलेलं दूध कळत नाही हे आईला ठाऊक असतं, पण त्याचा आणि न फुटलेल्या आवाजाचा संबंध कुणी जोडत नाही. कुणाची वृषणं गालगुंडानं निकामी झालेली, कुणाच्या पीयूषिकेत गाठ. उपचाराविना यांची हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं. अशांना 'मन रमव, व्यायाम कर' सांगणं हा निव्वळ क्रूरपणा आहे.

हृदयाची भीतीही तपासून झाली आहे. २०२३च्या ट्रॅव्हर्स चाचणीत ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका असलेले ५,०००हून अधिक पुरुष होते. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत. हृदयाची अनियमित लय, फुप्फुसातली गुठळी आणि हाड मोडणं मात्र जास्त आढळलं. म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि प्रोस्टेटवर लक्ष ठेवून घ्यायचं, इतर औषधांसारखंच एक औषध.

दोन्ही पक्ष जगतात ते पुरुषांच्या लाजेवर. कर्वे रस्ता ज्यांच्या नावाचा, त्या अण्णासाहेबांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव 'समाजस्वास्थ्य'मधून असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्यावरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला आणि बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. आज खटला भरायला कुणी बसलेलं नाही, तरी आमचा माणूस डॉक्टरला नुसता 'थकवा' सांगतो आणि जिममधल्या पोराला खरं काय ते.

डॉक्टरनं एलएच आणि एफएसएच, म्हणजे पीयूषिकेचे वृषणांना जाणारे हुकूम, तपासले, की बिघाड वृषणात आहे की पीयूषिकेत ते कळतं. पीयूषिकेत असेल आणि मूल हवं असेल, तर टेस्टोस्टेरॉन बाजूला ठेवून एचसीजीसारखी इंजेक्शनं द्यावी लागतात. मूल हवंय का, झोप किती, घोरता का, हे विचारून मग चिठ्ठी लिहिणारा भेटला तर औषध खुशाल घ्यावं. न विचारताच सिरिंज भरणाऱ्याच्या समोरून उठून यावं.