डिस्कसची पिल्लं आणि टँकरचं पाणी

बेंगळुरूत होसूर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाढत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीनिमित्त आलेल्या तरुण कुटुंबांच्या दिवाणखान्यात फिशटँक आता नवलाचा राहिलेला नाही. गप्पी आणि मॉली पाळून हात बसला की अनेकांची नजर डिस्कसवर जाते. पूर्ण वाढलेला, बशीएवढा डिस्कस महाग पडतो आणि दोन-अडीच इंचांचं पिल्लू त्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळतं, म्हणून पाच-सहा पिल्लं आणून घरीच वाढवावीत हा विचार सरळ वाटतो. माझ्या मते हा व्यवहार माशांचा कमी आणि पाण्याचा जास्त आहे. पिल्लू घेणारा माणूस पुढचे आठ-दहा महिने स्वच्छ, उबदार आणि गुणधर्मांनी एकसारखं पाणी रोज पुरवण्याची जबाबदारी घेत असतो. जिथे पाणी बोअरवेलचं, टँकरचं किंवा दोन्हींची सरमिसळ असतं, तिथे ही जबाबदारी पेलेल का, हे पिल्लू घरी येण्याआधी ठरायला हवं. पेलणार नसेल तर वाढलेले मासे घ्यावेत किंवा दुसरी जात पाळावी.

डिस्कस मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आपल्या बाजारातले बहुतेक डिस्कस मात्र जंगलातून पकडलेले नसतात. आग्नेय आशियातल्या किंवा भारतातल्या फार्मवर त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पैदास झालेली असते. या माशाचं खरं वेगळेपण त्याच्या संगोपनात आहे. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं पोहू लागली की आईबापांच्या अंगाला बिलगतात आणि त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव खाऊन जगतात. नर आणि मादी दोघंही हे काम वाटून घेतात. ‘जर्नल ऑफ एक्स्परिमेंटल बायॉलॉजी’त २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं, की वीण झाल्यावर या स्रावातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आईबाप पिल्लांना हळूहळू दूर करू लागतात. सस्तन प्राण्यांच्या दूध पाजण्याशी आणि तोडण्याशी याचं साम्य संशोधकांनीच दाखवून दिलं आहे. दुकानातल्या पिशवीत येणारं पिल्लू हे छत्र सुटून फार दिवस न झालेलं असतं. त्यापुढे त्याचं सगळं काही आपल्या पाण्यावर अवलंबून.

वाढीचा काळ पाणी एवढं का खातो, हे नीट समजून घेतलं पाहिजे. या वयात पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं, प्रथिनांनी भरलेलं खाणं लागतं: दाणेदार खाद्य, गोठवलेल्या लाल अळ्या, कोळंबीचा खिमा. प्रथिनं पचली की अमोनिया कल्ल्यांतून पाण्यात उतरतो आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. शेवटचं नायट्रेट कमी विषारी असलं तरी साठत जातं, आणि सोबत विरघळलेले सेंद्रिय पदार्थही. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस पाणी लागतं. उबदार पाण्यात भूक आणि चयापचय वाढतो, पण प्राणवायू कमी विरघळतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने त्यात आणखी दहाएक टक्क्यांची घट धरावी लागते, म्हणजे एअरपंप इथे चोवीस तास चालायला हवा आणि वीज गेली तरी तो थांबता कामा नये. या सगळ्यात कसर राहिली तर पिल्लू लगेच मरत नाही. ते खुरटतं. खुरटलेला डिस्कस ओळखायला फूटपट्टी लागत नाही, डोळा पाहावा: नीट वाढलेल्या माशाचा डोळा अंगाच्या मानाने लहान दिसतो आणि बाह्यरेषा जवळजवळ गोल असते, खुरटलेल्याचा डोळा मोठा, वटारल्यासारखा, आणि अंग लांबट. सुरुवातीच्या महिन्यांत बुडालेली वाढ पुढे कितीही खाऊ घातलं तरी पूर्ण भरून येत नाही.

आता इलेक्ट्रॉनिक सिटीचं पाणी पाहू. बेंगळुरूला मिळणारं कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, काही टप्प्यांत पंप करून, साधारण ५०० मीटर वर चढवलेलं असतं. शहराच्या कडेच्या अनेक वसाहतींना ते पुरेसं मिळत नाही आणि मग बोअरवेल व टँकर आलेच. बोअरवेलचं पाणी जड असतं, पण फार्मवर वाढलेल्या पिल्लांना जडपणाने फारसं बिघडत नाही. अस्थिरता त्यांना जास्त छळते. आजचा टँकर एका विहिरीवर भरलेला, परवाचा दुसऱ्या. जमिनीतून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा पीएच सुरुवातीला कमी भरतो आणि हवा लागली की काही तासांत वर चढतो. पीएच एक अंकाने वाढला की अमोनियाचं विषारी रूप सुमारे दहापट होतं, म्हणजे नळाखाली ठीक वाटलेलं पाणी संध्याकाळपर्यंत टँकमध्ये निराळंच झालेलं असतं. सोसायटीची भूमिगत टाकी धुऊन त्यात ब्लीचिंग पावडर टाकली गेली तर त्या दिवशीचं पाणी कल्ले जाळणारं. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री १५-१६ अंशांपर्यंत उतरतात आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी थंडगार असतं. यावर उपाय खर्चीक नाही: एक मोठा ड्रम, त्यात एअरस्टोन आणि हीटर, आणि उद्याचं पाणी आजच भरून ठेवण्याची शिस्त. चोवीस तासांत पीएच स्थिरावतो, क्लोरीन बराचसा उडून जातो आणि उरला तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब पुरतात. एवढी जागा आणि एवढा नियम घरात बसत नसेल तर पिल्लं घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप नैतिक आहे: ज्या शहरात माणसांना पाणी पुरत नाही तिथे माशांपायी रोज पाणी का ओतावं? २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने वाहनं धुणं, बागकाम, बांधकाम, कारंजी यांसाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. शहरातल्या सुमारे १४,००० सार्वजनिक बोअरवेलपैकी जवळजवळ निम्म्या तेव्हा कोरड्या पडल्या होत्या. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, पण त्याने भूजल परत आलेलं नाही. आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला आकड्यांनीच उत्तर दिलं पाहिजे. तीन फूट लांब, दीड फूट उंच आणि एक फूट रुंद टँकमध्ये सुमारे १२० लिटर पाणी मावतं. सहा लहान पिल्लांसाठी सुरुवातीचे तीन-चार महिने तो पुरतो. रोज ४० टक्के बदललं तर ५० लिटरच्या आत, महिन्याला साधारण १,५०० लिटर, म्हणजे ६,००० लिटरच्या टँकरचा चौथा हिस्सा. मार्च २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनाने ठरवलेल्या दराने, पाच किलोमीटरच्या आतला असा टँकर ६०० रुपयांना, तेव्हा हा खर्च महिना १५० रुपये. पैशाने ही रक्कम किरकोळ आहे, पाण्याने नाही: शहरी माणशी १३५ लिटर या मापाचा तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग. म्हणून ते पाणी गटारात जाता कामा नये. टँकमधून काढलेलं पाणी नायट्रेटयुक्त असल्याने झाडांना मानवतं. बाल्कनीतल्या कुंड्या आणि सोसायटीची हिरवळ ताज्या पाण्याऐवजी त्यावर भिजली तर घरात येणाऱ्या एकूण पाण्यात भर फार थोडी पडते. फक्त मीठ किंवा औषध घातलेल्या दिवसांचं पाणी झाडांना देऊ नये.

या हिशेबात एक गोष्ट हौशी लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही. पाणी किती बदलावं हे टँकमध्ये रोज पडणाऱ्या आणि त्यातून उरणाऱ्या खाण्यावर ठरतं, माशांच्या संख्येची गोष्ट नंतरची. तळाला वाळू, लाकूड आणि दाट झाडं असलेल्या देखण्या टँकमध्ये कोळंबीचे कण फटींत अडकतात आणि दिसेपर्यंत कुजलेले असतात. पिल्लांसाठी उघडा काचेचा तळ, एक-दोन स्पंज फिल्टर आणि खाणं झाल्यावर पंधरा मिनिटांत नळीने काढलेला उष्टा कचरा एवढं असलं की तेवढ्याच वाढीला कमी पाणी लागतं. टँक ओका-बोका दिसतो हे मान्य, पण सजावटीची वेळ वर्षभराने येते. संख्याही सहाच्या आसपास हवी. तीन-चार पिल्लांत दुबळं एकटं पडून मार खातं, उपाशी राहतं. बारा घेतली तर पाणी आवरत नाही.

मोठा फिल्टर लावला तर पाणी बदलावं लागणार नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. फिल्टर अमोनिया आवरतो, नायट्रेट आणि विरघळलेला मळ बाहेर काढत नाही. झाडं नायट्रेट घेतात खरी, पण ३० अंशांत तग धरणाऱ्या जाती मोजक्या आणि पिल्लांच्या खाण्यापुढे त्यांचा आवाका अपुरा. दुसरा सल्ला आरओचा. घरगुती आरओ एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकून देतो, म्हणजे रोजचे ५० लिटर १५०-२०० होतात. इलेक्ट्रॉनिक सिटीत याचं समर्थन मला करता येत नाही. मऊ, आम्लधर्मी पाणी खरोखर लागतं ते पैदाशीला, अंडी नीट फुटण्यासाठी. वाढत्या पिल्लाला पाण्यातल्या क्षारांचा हाडं घडवायला उपयोगच होतो. बोअरवेलचं पाणी अतोनात क्षारयुक्त असेल तर मात्र तिथे डिस्कस पाळायचा हट्ट सोडावा.

पाण्याकडे झालेलं दुर्लक्ष बहुधा औषधांच्या मार्गाने उघडं पडतं. पिल्लू काळवंडतं, कोपऱ्यात उभं राहतं, पांढरी तंतूसारखी विष्ठा टाकतं. आतड्यातल्या परजीवींमुळे असं होतं, तसं खराब पाण्याच्या ताणानेही होतं. तपासणी न करता मेट्रोनिडाझोल टाकायचं, उतार पडला नाही की दुसरं काही, हा रिवाज झाला आहे. मेट्रोनिडाझोल माणसांच्या उपचारातलं औषध आहे आणि ते अंदाजाने वापरून सांडपाण्यात सोडणं कोणाच्याच हिताचं नाही. आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजावेत, तापमान पाहावं, दोन दिवस चांगलं मुरवलेलं पाणी द्यावं. त्यानंतरही लक्षणं राहिली तर मत्स्यरोगांची जाण असलेल्या माणसाला विचारावं.

पिल्लं वाढवण्यातला आनंद वाढलेले मासे विकत घेऊन मिळत नाही, हा आक्षेप मला पटतो आणि म्हणूनच मी पिल्लं घेऊच नयेत असं म्हणत नाही. पण सकाळी आठला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या दोघांच्या घरात दिवसाला पाच खाणी आणि एक पाणीबदल कोण करणार, याचं उत्तर आधी हवं. पाच इंचांच्या पुढचा मासा सर्वांत खादाड काळ ओलांडून आलेला असतो, दोन वेळच्या खाण्यावर आणि आठवड्यातून एकदोनदा बदललेल्या तिसऱ्या हिश्श्याच्या पाण्यावर समाधानाने राहतो. जास्त दिलेली किंमत ही फार्मवाल्याने आपल्या वतीने खर्चलेल्या पाण्याची आणि मेहनतीची असते. विक्रेत्यांनी पिल्लू पिशवीत भरण्याआधी गिऱ्हाइकाला एवढं विचारावं: पाणी कुठलं येतं, ड्रम ठेवायला जागा आहे का, दुपारी घरी कोण असतं. आणि सोसायट्यांनी टाकी धुण्याचा व ब्लीचिंग पावडर टाकण्याचा दिवस दोन दिवस आधी फलकावर लावावा.