फॉर्मॅट मारण्यापूर्वी वही घाला

शाळेच्या संगणककक्षात एखादा संगणक मध्येच हँग झाला, म्हणजे पडद्यावरचे चित्र थिजले, माउस हलेना, कळा दाबून काही होईना, की सर्वांच्या तोंडून एकच उपाय निघतो : ‘फॉर्मॅट मारा!’ बारामतीच्या दुकानात विचारा नाहीतर इंदापूरच्या, उत्तर तेच. माझे मत विचाराल तर हा उपाय नव्हेच. चोरी झाल्यावर पंचनाम्याच्या आधी घर झाडूनपुसून लख्ख करावे, तसला हा प्रकार आहे. आणि ज्या शाळेत विज्ञान शिकवले जाते, तिथे तो होऊ नये असे मला वाटते.

इंदापूर तालुक्यातली, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली एक शाळा माझ्या डोळ्यांपुढे आहे. माझे एक जुने विद्यार्थी तिथे विज्ञान शिकवतात. शाळेत दहा संगणक. त्यांतला चौथ्या क्रमांकाचा अधूनमधून हँग होई. कधी दिवसातून दोनदा, कधी चार-चार दिवस काही नाही. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने ‘व्हायरस’ असे निदान करून फॉर्मॅट मारला. त्यात मुलांनी शाळेच्या पर्जन्यमापकावरून तीन वर्षे रोज उतरवलेल्या पावसाच्या नोंदी गेल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती. संगणक आठवडाभर उत्तम चालला. मग पुन्हा हँग. पुन्हा फॉर्मॅट. मग नवी रॅम. शेवटी चौथा क्रमांक निर्लेखनाच्या यादीत, म्हणजे भंगाराच्या वाटेवर गेला. तेव्हा सरांनी मला फोन केला.

मी एवढेच सांगितले, की काहीही बदलू नका, आधी एक वही घाला.

वहीत काय लिहायचे? संगणक थिजला ती तारीख आणि घड्याळातली वेळ. तो किती वेळ चालू होता. कोणता प्रोग्रॅम उघडा होता. पंखा फिरत होता का. आणि एक छोटीशी परीक्षा : कॅप्स लॉकची कळ दाबावी आणि तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. ही परीक्षा फार बोलकी आहे. तो दिवा कळ लावत नाही. कळ दाबल्याची बातमी संगणकाला पोचते, आणि संगणक कळफलकाला ‘दिवा लाव’ असा निरोप धाडतो. दिवा बदलला तर संगणकाचा कारभार चालू आहे, एखादा प्रोग्रॅमच अडकला आहे असे समजावे. दिवा ढिम्म राहिला तर मूळ यंत्रच थांबले असण्याचा संभव जास्त. डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला राहिला तर संशय डिस्ककडे वळवावा. इतक्या साध्या निरीक्षणांना ना पैसा लागतो, ना पदवी.

वही लिहिण्याचे काम नववीतल्या एका मुलीकडे आले. तीन आठवड्यांत सोळा नोंदी झाल्या. कॅप्स लॉकचा दिवा एकदाही बदलला नव्हता. कोणता प्रोग्रॅम चालू आहे याच्याशी हँग होण्याचा काही संबंध दिसेना. खोलीच्या उष्णतेशीही नाही, कारण बऱ्याच नोंदी सकाळच्या होत्या. उष्णतेवर पहिला संशय येणे साहजिक आहे. आमच्या भागात धूळ आहे, गळीत हंगामात कारखान्यांची काजळी उडते, पंख्यावर तिची पुटे चढतात. पण प्रोसेसर फार तापला की तो आपली गती स्वतःच कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर सरळ बंद पडतो. म्हणून मंदावणे आणि बंद पडणे ही प्रोसेसरच्या तापाची लक्षणे. नुसते थिजणे हे त्याचे नेहमीचे लक्षण नव्हे.

मग त्या मुलीनेच वेळांच्या रकान्यावर बोट ठेवले. नोंदी दोन आठवड्यांतल्याच होत्या. मधला आठवडा जवळजवळ कोरा. आणि ज्या आठवड्यांत नोंदी होत्या, त्यांत त्या एका ठराविक वेळेभोवती गोळा झालेल्या. ती म्हणाली, ‘‘सर, हा तर आमच्या मोटरीचा टाइम आहे. आण्णा त्याच वेळेला दारं धरायला जातात.’’

शहरातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. शेतीपंपांना थ्री फेज वीज ठराविक तास मिळते, आणि ती दिवसा की रात्री याची पाळी असते. त्या गावी ही पाळी आठवड्याला बदलते. रात्री उठून मोटर चालू करायला कोण जाणार? म्हणून अनेकांनी पंपांना ऑटो-स्विच बसवलेले असतात. वीज आली रे आली की शेकडो पंप एकदमच सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. शाळेची वीज गावठाणाच्या वाहिनीवरून येत असली, तरी दोन्ही वाहिन्या निघतात एकाच उपकेंद्रातून. मी मीटर घेऊन एका सकाळी स्वतः जाऊन बसलो. २२५ व्होल्टच्या आसपास असलेला दाब पंप सुरू होताच १९०पर्यंत खाली आला आणि काही सेकंदांनी सावकाश वर चढला. शाळेचा यू.पी.एस.? त्याच्या बॅटऱ्या केव्हाच संपलेल्या होत्या. तो प्लग लावायची पेटी म्हणून तेवढा उरला होता.

इथेच थांबून ‘कारण सापडले, विजेचा दाब’ म्हणणाऱ्याला मी पूर्ण गुण देणार नाही. तोच दाब दहाही संगणकांना मिळत होता. मग चौथाच का थिजावा?

संगणकाच्या पेटीत एस.एम.पी.एस. नावाचा वीजपुरवठा असतो. तो घरच्या २३० व्होल्टपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे स्थिर दाब तयार करतो, आणि ते पाच टक्क्यांहून अधिक ढळू नयेत अशी अपेक्षा असते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करणारी, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी ती शून्याला येते. त्या खाचा भरून काढायला आत एक विद्युत्‌धारित्र असते. प्रत्येक शिखराला ते भरते आणि दोन शिखरांच्या मध्ये आपल्या साठ्यातून संगणकाला पोसते. गावातली टाकी नळाला पुरते तसे.

आता गणित करू. ते अकरावी-बारावीचे आहे, पण नववीलाही झेपेल. धारित्रातली ऊर्जा म्हणजे धारितेच्या निम्म्याला दाबाच्या वर्गाने गुणणे. समजा, नवे धारित्र २२० मायक्रोफॅरडचे आहे. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर ३२५ व्होल्टला असते, म्हणून साठा झाला सुमारे ११.६ ज्यूल. पण सगळा साठा उपयोगी पडत नाही. धारित्राचा दाब, समजा, २५० व्होल्टखाली गेला की पुढचे मंडल नीट चालत नाही, तेव्हा ६.९ ज्यूल तळाशी तसेच राहतात. वापरायला उरले ४.७. संगणक १०० वॅट घेत असेल तर ते ४७ मिलिसेकंद पुरतील. भरपूर झाले. वीज १९० व्होल्टवर आली तर? शिखर २६९ व्होल्ट, साठा ७.९ ज्यूल, आणि वापरायला उरतो केवळ १.१! पाहा, दाब घटला सहावा हिस्सा आणि उपयोगी साठा चौपटीहून अधिक घटला. तरी ११ मिलिसेकंद निघतात, कसाबसा संसार चालतो. पण हे धारित्र जुने होऊन त्यातला द्रव सुकला असेल आणि त्याची धारिता निम्मी झाली असेल, तर? २३० व्होल्टवर अजूनही २३ मिलिसेकंद. काहीच कळून येणार नाही. १९०वर मात्र पाच-साडेपाच. पुढचे शिखर यायला १० मिलिसेकंद लागतात. मध्येच पुरवठा तुटतो, आतले दाब ढळतात, आणि ज्या ठिकाणी १ वाचायचा तिथे प्रोसेसर ० वाचतो. ठणठणीत एस.एम.पी.एस. असेल तर तो अशा वेळी ‘दाब नीट नाही’ असा इशारा देऊन संगणक पुन्हा सुरू करवतो. थकलेल्याचा इशारा वेळेवर जातोच असे नाही.

म्हणजे नुसता कमी दाब पुरेसा नाही, नुसते जुने धारित्रही पुरेसे नाही. दोन्ही एकत्र यावी लागतात. अशा दुहेरी कारणांमुळेच बिघाड ‘कधीही, कसाही’ येतो असा भास होतो.

हा झाला तर्क. तो पडताळायचा कसा? आम्ही चौथ्या संगणकाचा एस.एम.पी.एस. सातव्याला बसवला आणि सातव्याचा चौथ्याला. बाकी काही बदलले नाही. दिवसपाळीची वीज आली आणि तिसऱ्याच दिवशी आजवर निमूट असलेला सातवा थिजला! चौथा चालू. नुसता नवा एस.एम.पी.एस. बसवून काम भागले असते, पण मग आपल्याला एवढेच कळले असते की दुखणे थांबले. अदलाबदल केल्यावर दुखणे वस्तूच्या मागोमाग गेलेले दिसले. त्यानंतर काही शे रुपयांत नवा एस.एम.पी.एस. आला आणि चौथ्याचे नाव यादीतून निघाले.

मग पहिल्या फॉर्मॅटनंतर संगणक आठवडाभर बरा कसा चालला? त्या आठवड्यात पंपांची पाळी रात्रीची होती. शाळा बंद, संगणक बंद. श्रेय मात्र फॉर्मॅटने घेतले.

याच जागी आपण सगळे फसतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. समजा, एखादा संगणक सरासरी तीन दिवसांतून एकदा थिजतो, आणि प्रत्येक क्षणी थिजण्याची शक्यता सारखीच आहे. तुम्ही काही दुरुस्ती केली आणि तीन दिवस तो थिजला नाही. दुरुस्ती लागू पडली का? दुरुस्ती अगदी निरुपयोगी असती तरी तीन दिवस निर्वेध जाण्याची शक्यता ३७ टक्के होती. नऊ दिवस वाट पाहिली तर ती ५ टक्क्यांवर येते. किरणोत्सारी अणूंच्या ऱ्हासाचा जो वक्र बारावीला शिकवतात, तोच हा. तासाभराने ‘झाला ठीक’ म्हणून बिल मागणाऱ्याला हा वक्र कुणी दाखवत नाही.

खरोखर यदृच्छेने होणारे बिघाडही असतात. १९७८ साली इंटेल कंपनीच्या टिमोथी मे आणि मरे वुड्‌स या संशोधकांनी दाखवून दिले, की स्मृतीच्या चिपा ज्या वेष्टनात बसवतात त्यातल्या युरेनियम-थोरियमच्या सूक्ष्म अंशातून सुटणारे अल्फा कण साठवलेला अंक उलटवू शकतात. पण तिथवर ते पोचले ते एकेक शक्यता वगळत. नोंदी न ठेवता ‘विश्वकिरण असतील’ म्हणणे आणि ‘व्हायरस असेल’ म्हणणे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आणि जिथे फॉर्मॅट मारायला जाताच येत नाही तिथे काय करतात? ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मध्येच आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर तीच परिस्थिती पुनःपुन्हा निर्माण केली, क्षणाक्षणाच्या नोंदी तपासल्या, आणि हवामानाचे मोजमाप करणारे कमी महत्त्वाचे काम एका अधिक महत्त्वाच्या कामाची वाट अडवून बसते हे हुडकले. दुरुस्ती इथूनच धाडली गेली. तीही एक वहीच होती. फक्त ती संगणकाने लिहिली होती.

शिक्षकांशी मला थोडे भांडायचे आहे. पुष्कळ संगणककक्षांच्या दारावर ‘हात लावू नये’ अशी पाटी आणि कुलूप असते. प्रयोगशाळेत गंधकाम्ल हाताळणाऱ्या मुलांना माउसपलीकडे काही शिवू न देणे हे मला कळत नाही. शिक्षक समोर असावेत, प्लग काढलेला असावा, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिरविद्युत् घालवलेली असावी. मग नववीच्या मुलांनी झाकण उघडून धूळ झाडावी, रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवावी, फुगलेली धारित्रे शोधावीत. फक्त एस.एम.पी.एस.ची डबी कुणीही उघडू नये, शिक्षकांनीसुद्धा. प्लग काढल्यावरही आतले धारित्र ३०० व्होल्टच्या वर भरलेले राहू शकते. ती अख्खी बदलावी. आणि नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. पावसाचे ते तीन वर्षांचे आकडे काही परत आले नाहीत.

त्या वहीतली एक नोंद अजून सुटलेली नाही. कोऱ्या आठवड्यातली ती एकुलती नोंद, शुक्रवार, दुपारी पावणेतीन. त्या दिवशी शेतीची वीज दिवसा नव्हतीच. सरांनी ती ‘किरकोळ’ म्हणून खोडायला सांगितली होती. मुलीने खोडली नाही. समोर प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. ती आता दहावीत आहे आणि वही तिच्याच ताब्यात आहे.