तालुक्यातील कॅमेऱ्याला दाद हवी

तरुण चित्रपटकारांसाठी पुरस्कार म्हणजे पुढच्या चित्रपटाचे भांडवल. नागराज मंजुळे यांना ‘फँड्री’साठी पहिल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांचा पहिलाच चित्रपट ‘कोर्ट’ 2014 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. 2025 मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने सनडान्स चित्रपट महोत्सवाच्या जागतिक चित्रपट विभागात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक पटकावले. चित्रपटाचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या दिग्दर्शकाचे हे यश विशेष मोलाचे.

संधी आहेत. गोव्याच्या ‘इफ्फी’ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 2021 पासून 35 वर्षांखालील होतकरूंची निवड होते. निवडलेल्यांचे गट 48 तासांत लघुपट पूर्ण करतात. मुंबईचा माहितीपट व लघुपट महोत्सव 1990 पासून भरतो. मात्र नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यासारख्या तालुक्यातील मुलांपर्यंत या संधींची खबर वेळेत पोहोचतेच असे नाही.

खरे तर हा मुलूख चित्रपटाला परका नाही. दादासाहेब फाळके याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे. शेजारच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमाग कामगारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. कॅमेरा सरकवायला सायकल, उंचावर न्यायला बैलगाडी! इतक्या जिद्दीला त्या वेळी सरकारी पाठबळ नव्हते.

आज मोबाइलवर कांद्याच्या चाळीतली गोष्टही टिपता येते. अडते ते संकलन, ध्वनी आणि उपशीर्षकांपाशी. परदेशी महोत्सवांत प्रवेशशुल्कही भरावे लागते. जिल्हा नियोजनातून संकलनाची सोय, मराठीतून मार्गदर्शन आणि शुल्काची प्रतिपूर्ती एवढे तरी याच वर्षी सुरू व्हावे.